खुणेचा दिवा : व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकांतील एका लहान भागाची कुळकथा

व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या ध्वनिवर्धकाच्या दर्शनी पट्टीवर पुष्कळदां एक तांबडें किंवा पिवळसर भिंग असतें आणि कळ दाबतांच त्याच्या मागें एक लहानसा दिवा लागतो. इंग्रजींत त्याला पायलट लाइट म्हणतात. मराठींत त्याला खुणेचा दिवा म्हणावें. ध्वनीच्या कामांत या दिव्याचा बहुधा कांहींच भाग नसतो. तो काढून ठेवला तरी गाणें तितक्याच गोडीनें ऐकूं येतें. असें असूनहि, ज्या ध्वनिवर्धकाला मुळांत असा दिवा नव्हता त्यालाहि तो मागाहून बसवावा, अशी इच्छा जुनीं यंत्रें जपणाऱ्या अनेकांना होते. ही नुसती शोभेची हौस नव्हे. ज्या पेटींत तीनचारशें व्होल्टांचा दाब खेळत असतो, ती चालू आहे कीं बंद, हा प्रश्न प्रसंगीं जिवाशीं गांठ घालणारा असतो. त्या प्रश्नाचें उत्तर हा दिवा कितपत खरें देतो, हें त्याच्या इतिहासावरून चांगलें उमगतें.

पायलट हें नांव जुनें आहे. पायलट म्हणजे वाटाड्या; अनोळखी बंदरांत शिरणाऱ्या जहाजाला खडक चुकवून धक्क्याला आणणारा. गॅसच्या बत्तीजवळ जी लहान ज्योत सदैव तेवत ठेवीत आणि जिच्यावरून मोठी ज्योत पेटवीत, तिलाहि हेंच नांव मिळालें. विजेच्या व्यवहारांत या दिव्याचें पहिलें ठाणें म्हणजे डायनामोघर. एडिसन यांनीं न्यूयॉर्क येथील पर्ल स्ट्रीटवरचें विद्युत्केंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजीं सुरू केलें. त्या पहिल्या पिढीच्या केंद्रांत विजेचा दाब मोजण्याचीं साधनें अजून बाल्यावस्थेंत होतीं. म्हणून डायनामोच्या टोकांशीं एक दिवा जोडून तो देखरेख करणाऱ्याच्या नजरेसमोर ठेवीत. दिवा मंदावला कीं दाब उतरला, आणि डोळे दिपवूं लागला कीं दाब चढला, असें तो समजे व त्याप्रमाणें यंत्र जुळवून घेई. पुढें, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, टेलिफोनच्या केंद्रांत ग्राहकांच्या तारांना बारीक दिवे आले. अशा दिव्यांच्या एकेका समूहावर आणखी एक दिवा बसविण्यांत येई. समूहांतील कोणताहि दिवा लागला कीं हा वडील दिवाहि लागे आणि कोणाचें तरी बोलावणें आलें आहे हें दुरूनहि कळे. या दोन्ही ठिकाणीं दिव्याचें काम उजेड पाडण्याचें नव्हतें. दुसरीकडे काय चाललें आहे याची साक्ष देण्याचें होतें.

बिनतारी यंत्रांत मात्र आरंभीं अशा साक्षीदाराची गरजच नव्हती. कारण व्हॉल्व्ह हाच मुळीं दिव्याच्या वंशांतला. दिव्यांतील तापलेल्या तंतूपासून वेगळ्या बसविलेल्या धातूच्या पट्टीकडे निर्वात पोकळींतून विद्युत्प्रवाह जातो, हें एडिसन यांना १८८० ते १८८३ च्या दरम्यान आढळलें होतें. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनीं १९०४ सालीं या गुणाचा उपयोग करून दोन अग्रांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला. त्यानंतर १९०६-०७ च्या सुमारास ली द फॉरेस्ट यांनीं त्यांत जाळीचें तिसरें अग्र घातलें आणि क्षीण संदेश मोठा करण्याची किल्ली माणसाच्या हातीं आली. पहिल्या महायुद्धांत फ्रेंच सैन्यासाठीं बनलेला ‘टीएम’ आणि त्याच घाटाचा इंग्रजी ‘आर’ हे व्हॉल्व्ह दिसावयास अगदीं दिव्यासारखे. ‘आर’ जातीच्या व्हॉल्व्हचा टंगस्टनचा तंतू ४ व्होल्ट दाबावर सुमारें ०.७ अँपिअर प्रवाह घेई आणि पांढऱ्या उजेडानें झळके. असे चार व्हॉल्व्ह एका यंत्रांत असले तर निव्वळ तंतू तापविण्यांतच २.८ अँपिअर खर्ची पडत. बॅटरी लवकर उतरे हें खरें, पण यंत्र चालू आहे कीं नाहीं हें विचारण्याची पाळी कोणावर येत नसे. चार दिवे समोर जळत असतां पांचव्याची साक्ष कशाला?

१९२० नंतर सार्वजनिक ध्वनिक्षेपण सुरू झालें. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीचा पहिला कार्यक्रम १४ नोव्हेंबर १९२२ रोजीं झाला. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. या आरंभीच्या काळांतील पुष्कळ संचांच्या दर्शनी फळीला व्हॉल्व्हच्या समोर बारीक गोल भोकें ठेवलेलीं असत. तीं शोभेसाठीं नव्हतीं. तंतूला किती प्रवाह द्यावयाचा हें ऐकणारा स्वतः एका खुंटीनें ठरवी. तेव्हां भोकांतून तंतूचा रंग पाहूनच त्याला हात आवरावा लागे. जास्त प्रवाह गेला कीं महागडा व्हॉल्व्ह जळून जाई. म्हणजे व्हॉल्व्ह स्वतःच स्वतःची साक्ष देत होता.

पण ही साक्ष हळूहळू क्षीण होत गेली, आणि तीहि प्रगतीमुळेंच. टंगस्टनमध्यें थोडें थोरियम मिसळलें तर तंतू कमी तापवूनहि काम भागतें, असा शोध लागला. अमेरिकेंतील यूव्ही-२०१ हा व्हॉल्व्ह ५ व्होल्टांवर १ अँपिअर घेई. त्याचा सुधारलेला भाऊ यूव्ही-२०१ए हा तेवढ्याच दाबावर पाव अँपिअरवर भागवी. खर्च चतुर्थांशावर आला, पण उजेडहि तसाच घटला. शिवाय आंत उरलेली हवा शोषून घेण्यासाठीं मॅग्नेशियमचा अंश जाळीत, त्याचा रुपेरी लेप कांचेच्या आंतून बसे आणि व्हॉल्व्ह आरशासारखा दिसे. मंद तंतू आणि वर रुप्याचा पडदा. भोकांतून डोकावून आतां काय दिसणार?

१९२७ सालीं अमेरिकेंत घरांतील उलटसुलट प्रवाहावर चालणारे व्हॉल्व्ह बाजारांत आले आणि या गोष्टीला निराळेंच वळण लागलें. यूवाय-२२७ या व्हॉल्व्हमध्यें तापणारा तंतू आणि विद्युत्कण सोडणारा भाग हे एकमेकांपासून वेगळे केलेले होते. तंतू आंतल्या नळींत दडलेला. तो तापावयाचा, मग त्याच्या उष्णतेनें बाहेरची नळी तापावयाची, आणि मगच आवाज यावयाचा. यांत बराच वेळ जाई. कळ फिरविली तरी कर्णा मुका. यंत्र तापत आहे, कीं वीजच आलेली नाहीं, कीं आंत कांहीं बिघडलें आहे? त्याच सुमारास संचाला लांकडी कपाटाचें रूप आलें व तो दिवाणखान्यांतील सामानांत जाऊन बसला. व्हॉल्व्ह दाराआड गेले. रात्रीं कार्यक्रम संपला आणि कळ बंद करण्याचें राहून गेलें, तर तेंहि कोणाला कळूं नये अशी स्थिति झाली. या अडचणींतून खुणेचा दिवा संचांत आला. केंद्रें शोधण्याच्या तबकडीमागें त्याला जागा मिळाली. त्यामुळें अंक वाचण्याची सोय आणि यंत्र चालू असल्याची खूण, अशीं दोन कामें एकाच दिव्यानें साधलीं.

दिवा कोणत्या दाबाचा असावा हेंहि व्हॉल्व्हनींच ठरविलें. १९३० नंतर अमेरिकन व्हॉल्व्हमध्यें तंतूसाठीं ६.३ व्होल्ट हा दाब रूढ होत गेला. हा अपूर्णांक मोटारींतून आला. त्या काळच्या मोटारींच्या बॅटरींत शिशाचे तीन घट असत; भरलेल्या एका घटाचा दाब सुमारें २.१ व्होल्ट, तिघांचा मिळून ६.३. मोटारींतल्या रेडिओसाठीं सोयीचा झालेला हा दाब घरच्या संचांनींहि उचलला, आणि दिवा त्याच गुंडाळीवर जोडतां यावा म्हणून तोहि ६.३ व्होल्टांचा झाला. अमेरिकन कारखान्यांनीं या दिव्यांना क्रमांक दिले. ४७ क्रमांकाचा दिवा खांच्याच्या टोपीचा व ०.१५ अँपिअर घेणारा. ४४ क्रमांकाचा तशाच टोपीचा, पण पाव अँपिअर घेऊन अधिक उजेड देणारा. दोहोंची अदलाबदल होऊं नये म्हणून आंतील तारा धरून ठेवणारा कांचेचा मणी पहिल्यांत तपकिरी आणि दुसऱ्यांत निळा ठेवलेला असे.

सर्वच यंत्रांना हा साक्षीदार परवडला नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जे हातांतून नेण्याजोगे बॅटरीचे संच निघाले, त्यांतील कित्येक व्हॉल्व्ह अवघ्या ०.०५ अँपिअरवर चालत. तेथें ०.१५ अँपिअरचा दिवा लावणें म्हणजे तीन व्हॉल्व्हचा शिधा एका पहारेकऱ्याला घालण्यासारखें होतें. म्हणून कांहीं संचांत कळ फिरवितांच छोट्या खिडकींत रंगीत पट्टी सरकेल, अशी बिनखर्ची योजना केलेली असे.

याच्या उलट, एका लोकप्रिय अमेरिकन संचांत हा दिवा निव्वळ साक्षीदार न राहतां कारभारांत भागीदार झाला. स्वस्त, पांच व्हॉल्व्हच्या संचांत ट्रान्सफॉर्मर गाळून सर्व तंतू एकापुढें एक ओवीत. बारा व्होल्टांचे तीन, पन्नासांचा एक आणि पस्तीसांचा एक. बेरीज एकशें एकवीस, म्हणजे अमेरिकेंतील घरगुती दाबाच्या जवळपास. यांतील ३५झेड५ या व्हॉल्व्हच्या तंतूला मध्येंच एक फांटा काढलेला असून त्या तुकड्यावर ४७ क्रमांकाचा दिवा जोडीत. तंतूंच्या प्रवाहाबरोबरच संचाला लागणारा उच्च दाबाचा प्रवाहहि तेथूनच जाई. त्यामुळें व्हॉल्व्ह तापून तो प्रवाह सुरू झाला कीं दिवा अधिक उजळे. पण दिवा जळाला, तर त्याच्या वांट्याचा भारहि तंतूच्या त्या तुकड्यावर पडे आणि व्हॉल्व्हचें आयुष्य घटे. गाणें चालूच राही, म्हणून मालक दुर्लक्ष करी, आणि चार आण्यांच्या वस्तूपायीं रुपयांचा माल जाई. शिवाय अशा संचांत घरच्या विजेची एक तार पुष्कळदां थेट धातूच्या सांगाड्याला जोडलेली असे. तो दिवा बदलण्यासाठीं पेटी उघडून हात घालणाऱ्यानें आधीं भिंतींतील जोड काढलाच पाहिजे.

१९३५ सालीं ६ई५ या नांवानें एक विलक्षण नळी आली. तिला जाहिरातींनीं जादूचा डोळा म्हटलें. हिरव्या चकाकीच्या वर्तुळांतील सांवलीची पाकळी, केंद्र नीट लागलें कीं मिटत येई. भारतांत आलेल्या परदेशी संचांतहि हा डोळा होता. तो लागण्यासाठीं तंतूहि तापावा लागे आणि उच्च दाबहि मिळावा लागे. त्यामुळें त्याची साक्ष साध्या दिव्यापेक्षां पुष्कळ अधिक भरंवशाची होती.

आतां ध्वनिवर्धकांकडे वळलें पाहिजे. बोलपटामुळें व्हॉल्व्हचा मोठा ध्वनिवर्धक चित्रगृहांत आला. मुंबईंत ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजीं झळकला आणि पुढच्याच वर्षीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठींत बोलूं लागला. मैदानांवरील सभांनाहि याच नळ्यांनीं आवाज दिला. गांधींच्या व नेहरूंच्या सभांच्या अनेक छायाचित्रांत ध्वनिग्राहकावर मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’चें नांव वाचतां येतें. या यंत्रांशेजारीं जाणता माणूस हजर असे. घरगुती ध्वनिवर्धकांची गोष्ट वेगळी. १९४७ सालीं ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकांत डी. टी. एन. विल्यम्सन यांच्या ध्वनिवर्धकाची रचना प्रसिद्ध झाली आणि देशोदेशींच्या हौशी लोकांनीं ती घरीं बांधली. असे ध्वनिवर्धक धातूच्या उघड्या सांगाड्यावर उभे असत. व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर तेवत, म्हणून त्यांवर वेगळा दिवा लावण्याची निकड भासत नसे. पुढें तींच यंत्रें कपाटांत किंवा जाळीच्या टोपणाखालीं गेलीं. अशा वेळीं त्यांना दिव्याची उणीव भासूं लागली. वाद्यांसाठीं बनलेल्या यंत्रांत मात्र ही खूण लवकर रुळली. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांच्या कारखान्याच्या १९५० व १९६० च्या दशकांतील ध्वनिवर्धकांवरचें तांबडें पैलूदार भिंग सुप्रसिद्ध आहे. त्यामागेंहि तोच ४७ क्रमांकाचा दिवा असतो.

जुन्या ध्वनिवर्धकाला आज दिवा बसवावयाचा तर तो कोठें जोडावा? पहिली जागा ६.३ व्होल्टांच्या गुंडाळीची. समजा, यंत्रांत दोन १२एएक्स७ आणि दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह आहेत. पहिले दोन प्रत्येकीं ०.३ व दुसरे दोन प्रत्येकीं ०.४५ अँपिअर घेतात, एकूण १.५ अँपिअर. ४७ क्रमांकाच्या दिव्यानें हा भार एकदशांशानें वाढतो. ४४ क्रमांकाच्या दिव्यानें एकषष्ठांशानें. जुन्या ट्रान्सफॉर्मरवर जितका कमी बोजा तितका बरा, म्हणून पहिला दिवा अधिक योग्य. येथें एक बारकावा आहे. या गुंडाळीचा मध्यबिंदु पुष्कळदां सांगाड्याला जोडलेला असतो. दिव्याच्या धारकाची एक बाजू धातूंतून सांगाड्याला टेकली, तर निम्मी गुंडाळी थेट जोडली जाऊन तापते आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. दिव्याच्या दोन्ही तारा सांगाड्यापासून अलग राखणारा धारकच अशा ठिकाणीं घ्यावा.

दुसरी जागा दिसावयास तितकीच सोयीची, पण प्राणघातक. अनेक ध्वनिवर्धकांत ५वाय३ सारख्या रेक्टिफायर व्हॉल्व्हसाठीं ५ व्होल्टांची निराळी गुंडाळी असते. पांच व्होल्ट म्हणजे किरकोळ, असें कोणासहि वाटेल. परंतु हें पांच त्या गुंडाळीच्या दोन टोकांमधलें अंतर आहे. सांगाड्याच्या मानानें ती सबंध गुंडाळी तीनचारशें व्होल्टांच्या उंचीवर बसलेली असते. तेथें जोडलेला दिवा नीट लागेल, आणि तो बदलावयास गेलेल्या हाताला तो पूर्ण दाब लागेल. या गुंडाळीवर दिवा केव्हांहि जोडूं नये.

तिसरी जागा घरच्या विजेची, कळीच्या आंतल्या बाजूस. तेथें निऑनचा दिवा लागतो. निऑन वायु रॅम्से व ट्रॅव्हर्स यांनीं १८९८ सालीं शोधला. अमेरिकेंत डॅनियल मॅकफार्लन मूर यांनीं १९१७ च्या सुमारास त्याचा चिमुकला दिवा तयार केला. त्याला तंतू नाहीं. योग्य रोधकासह जोडला तर अँपिअरच्या हजाराव्या हिश्श्यांत तो नारिंगी चमकतो, आणि ट्रान्सफॉर्मरवर त्याचा कांहींच भार पडत नाहीं. कळीमागें पण फ्यूजच्या पुढें जोडला तर तो फ्यूज शाबूत असल्याचीहि साक्ष देतो. फ्यूजच्या अलीकडे जोडला तर फ्यूज गेल्यावरहि तो खुशाल जळत राहतो. निक होलोन्यॅक यांनीं १९६२ सालीं दाखविलेला तांबडा प्रकाश देणारा डायोड, म्हणजे आजचा एलईडी, हाहि वापरतां येतो, पण ६.३ व्होल्टांच्या उलटसुलट प्रवाहाचें शिखर जवळजवळ ९ व्होल्टांपर्यंत जातें आणि असे डायोड उलटा दाब साधारण ५ व्होल्टांपलीकडे सोसूं शकत नाहींत. रोधक आणि उलट दिशेनें जोडलेला दुसरा साधा डायोड, हे दोन्ही त्याला द्यावे लागतात. दिवा कोणताहि घेतला, तरी जुन्या पट्टीला नवें भोंक न पाडतां रिकाम्या जागीं किंवा सुट्या पट्टीवर तो बसवावा, म्हणजे पुढच्या मालकाला यंत्र मूळ रूपांत परत आणतां येतें.

या साऱ्या वृत्तांतांतून एक गोष्ट ठळकपणें दिसते. जुना तेजस्वी व्हॉल्व्ह स्वतःच्या तंतूविषयीं बोलत होता. खुणेचा दिवा केवळ ज्या तारेला जोडला त्या तारेविषयीं बोलतो. तो लागला म्हणजे ती तार जिवंत आहे, इतकेंच सिद्ध होतें. ज्या ध्वनिवर्धकांत उच्च दाब तोडण्याची वेगळी कळ आहे, तेथें ती बंद असतांहि दिवा जळत असतो. आणि दिवा विझला म्हणजे यंत्र निर्जीव झालें, हें तर मुळींच सिद्ध होत नाहीं. दिवा स्वतःच जळालेला असूं शकतो; धारकांत सैल झालेला असूं शकतो. कळ बंद केल्यावर तो क्षणार्धांत विझतो, पण उच्च दाबाच्या कंडेन्सरमध्यें सांठलेली वीज, तिला निचरा नसेल तर, बराच काळ तेथेंच दबा धरून राहते. कंडेन्सरवरच निऑनचा दिवा लावला, तरी साठेक व्होल्ट शिल्लक असतांच तो मावळतो.

म्हणून जुना ध्वनिवर्धक उघडणाऱ्यानें दिव्याच्या साक्षीवर निकाल देऊं नये. भिंतींतील जोड काढावा, एक हात यंत्रापासून दूर ठेवावा, कंडेन्सरमधील वीज योग्य रोधकांतून वाहूं द्यावी आणि व्होल्टमापकाचा कांटा शून्यावर आलेला डोळ्यांनीं पाहावा. जो या कामांत मुरलेला नाहीं, त्यानें तें जाणत्या कारागिराच्या हातीं सोंपवावें. दिवा अवश्य बसवावा. दिवाणखान्यांत बसलेल्याला, यंत्र चालू राहून गेलें आहे, हें तो दुरून सांगेल. पेटींत हात घालणाऱ्यानें मात्र कांट्याला विचारावें.